पाणबुडीचा जुनाट आजार

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरची ‘कुरसुरा’ तुम्ही पाहिली असेल. १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातलेली ही ९१ मीटर लांबीची पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून वाळूवर उभी आहे.

पाण्याबाहेर काढली म्हणजे ती वाचली, असे वाटते. पण गंजायला लोखंड, ओलावा आणि प्राणवायू एवढेच पुरते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ ओलावा धरून ठेवते आणि त्यातले क्लोराइड गंजाखालून लोखंड पोखरत राहते. वरून नुसता रंग देणे म्हणजे साखर न तपासता मधुमेह्याच्या जखमेवर पट्टी बांधणे!

अमेरिकेने १९४४ मध्ये पकडलेली जर्मन ‘यू-५०५’ १९५४ पासून शिकागोच्या संग्रहालयाबाहेर उघड्यावर होती. अखेर २००४ मध्ये तिला हवामान-नियंत्रित भूमिगत दालनात हलवावे लागले.

रुग्णांना मी नेहमी सांगतो, जुनाट आजार एका शस्त्रक्रियेने संपत नाही. पाणबुडीचेही तसेच. मीठ धुणे, गंज खरवडणे, पुन्हा रंगवणे हे उपचार कायमचे. त्यासाठी दरवर्षी पैसा हवा. ‘कुरसुरा’ पाहायला गेलात, तर फोटो काढून झाल्यावर तिच्या तळाचा रंगही पाहा. तो फुगलेला दिसला, तर आत आजार आहे असे समजा.