पहिले शंभर दिवस (भाग ९) : रमण्यातली दक्षिणा

अमेरिकेतल्या साठ लाख डुकरांच्या पिल्लांची गोष्ट या आठवड्यात सांगतो, असा शब्द दिला होता. पिल्लं थांबतील. तशीही ती १९३३ सालीच गेली, आणखी आठवडाभराने त्यांचं काही बिघडत नाही.

झालं असं, की नारायण पेठेतून एका आजोबांचं पत्र आलं. 'तुमच्या रूझवेल्टने गादीवर येताच बँका बंद केल्या आणि लोकांचा जीव भांड्यात पडला, हे वाचलं. आमच्या पुण्यातही एकदा राज्य बदललं होतं. तेव्हा आमच्या घराण्याला पेशव्यांकडून वर्षासन होतं आणि श्रावणातली दक्षिणाही. नव्या साहेबाने त्याचं काय केलं, हे आपण कधी सांगणार?' पत्रासोबत एका मोडी कागदाचा फोटो. आता असं पत्र हातात पडल्यावर डुकरांकडे कोण बघतो?

आजोबांनी रूझवेल्टशी लावलेली जोडी मला अगदी पटली. ६ मार्च १९३३ च्या बँकबंदीच्या मुळाशी एकच चिंता होती : रांगेत उभ्या असलेल्या माणसाला घरी कसं पाठवायचं? त्याला कायदा समजावून उपयोग नसतो. त्याला 'तुझी ठेव सुरक्षित आहे' हे एकच वाक्य ऐकायचं असतं, आणि तेही ज्याच्यावर विश्वास बसेल अशा तोंडून. पुण्यात ते वाक्य म्हणायची पाळी आली इथल्या इंग्रज रेसिडेंटवर, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवर.

शंभर दिवस मोजायचे तर सुरुवात कुठून करायची? मी १७ नोव्हेंबर १८१७ धरतो. त्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते बाळाजीपंत नातूंनी चढवलं, आणि पुणं ही गोष्ट अजून विसरलेलं नाही. त्याआधी बारा दिवस, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली होती. त्याच दिवशी पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टनचे ग्रंथ आणि कागदपत्रं त्यात गेली. गडी वाचनाचा विलक्षण नादी होता. मोहिमेवरही पुस्तकं बरोबर नेणारा. तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते पुस्तकं जमवणाऱ्यांनाच कळेल. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की नवं राज्य ज्याच्या हाती येत होतं त्याच्यापाशी त्या घडीला स्वतःचं दप्तर नव्हतं, आणि पेशव्यांच्या दप्तराची दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत चांगलीच आबाळ झालेली होती. वसुली मक्त्याने दिलेली. मक्तेदाराने किती उकळलं याचा हिशेब हुजुरात ठेवायचा कुणी आणि कशाला?

आणि धनी पळत होता. बाजीराव पुढे, इंग्रजी फौज मागे. त्याच्या मागोमाग सरदार, शिलेदार, कारकून, आश्रित. ही माणसं त्याच्यावरच्या प्रेमापोटी हिंडत होती असं मला वाटत नाही. काही होती, बापू गोखल्यांसारखी. बाकीच्यांना धाक होता तो गावाकडच्या जमिनीचा. साहेब आला म्हणजे इनाम गेलं, मग धन्याबरोबर राहिलेलं काय वाईट? बँकेबाहेरची रांग ती हीच, फक्त घोड्यावर बसलेली.

शहाऐंशीव्या दिवशी, म्हणजे ११ फेब्रुवारी १८१८ ला, साताऱ्याचा किल्ला हाती आल्याबरोबर एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावाचे दोष आहेत, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरातला खून आहे, साताऱ्याच्या महाराजांसाठी राज्याचा एक तुकडा राखल्याचं आश्वासन आहे. ते सगळं लोकांनी ऐकून सोडून दिलं असणार. कान टवकारले असतील ते पुढच्या कलमांना. वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं आणि धर्मादाय चालू राहतील. कुणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही. मक्त्याची पद्धत बंद. वसूल माफक, आणि काळ वाईट आहे हे पाहून सूटही. अट एकच : बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत आपापल्या घरी परतावं. नाही परतले तर जमीन जप्त.

माझं वेड म्हणा, पण या कागदातली मुदत मला फार आवडते. 'ताबडतोब या' म्हटलं असतं तर कुणी आलं नसतं, कारण ताबडतोब येणारा फितूर ठरतो. 'केव्हाही या' म्हटलं असतं तरी कुणी आलं नसतं. दोन महिन्यांत माणसाला अब्रू सांभाळून मागे राहता येतं : घोडा लंगडतो, आई आजारी पडते, गावात शेतीची कामं निघतात. जाहीरनाम्यानंतर नवव्या दिवशी, २० फेब्रुवारीला, आष्टीला बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांकडे आले. त्यानंतर पाच दिवसांनी आपले शंभर दिवस भरतात. बाजीराव मात्र ३ जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन तो ब्रह्मावर्ताला गेला.

धनी गेला आणि श्रावण आला. इथे आजोबांच्या पत्रातली दुसरी अर्धी गोष्ट सुरू होते.

वर्षासनाला कागद असतो. इनामाला सनद असते. दक्षिणेला काय असतं? श्रावणात पुण्याला यायचं, पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात शिरायचं, आणि बाहेर पडताना दारात जे हातावर पडेल ते घ्यायचं. कोकणातून, कर्नाटकातून, तेलंगणातून, थेट काशीहून ब्राह्मण येत. विद्वानांची परीक्षा आणि मान वेगळा, बाकीच्यांसाठी रमण्याचं आवार. खर्च लाखांच्या घरात. आज 'रमणा गणपती' एवढ्या नावापुरता तो रमणा शिल्लक आहे. पण त्या दिवसांत पुण्याच्या वाण्या-बकालांपासून नावाड्यांपर्यंत सगळ्यांचा हंगाम त्यावर उभा असणार. ही पासबुक नसलेली ठेव होती. जाहीरनाम्यातल्या 'धर्मादाय' या शब्दात ती बसते की नाही? बसवली तर कंपनी सरकार दरसाल लाखो रुपये वाटणार, आणि तेही नुकत्याच हरवलेल्या पेशव्याच्या जातभाईंना. नाही बसवली तर दिलेला शब्द पहिल्याच पावसाळ्यात मोडला, असं गावोगाव सांगत जायला हजारो तोंडं तयार.

इथे थोडं मागे जातो, कारण हा पेच पहिल्यांदा पडलेला नव्हता. दक्षिणा ही मुळात पेशव्यांची नव्हेच. ती तळेगावच्या दाभाड्यांची, सेनापती खंडेरावांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडले, आणि पुढे दक्षिणा तळेगावहून पुण्याला आली. बाजीरावाने सेनापतीला रणात पाडलं आणि त्याच्या घरचं पुण्य मात्र चालू ठेवलं! सत्ता बदलली तरी श्रावण चुकता कामा नये, हे त्या तरण्या पेशव्याला कुणी शिकवावं लागलं नाही. एल्फिन्स्टनला हा इतिहास किती ठाऊक होता कोण जाणे, पण त्याने केलं जवळपास तेच. फक्त मध्ये कात्री चालवली.

दक्षिणा बंद केली नाही. ती वर्षाला पन्नास हजारांवर आणली, आणि ज्यांना द्यायची त्यांची विद्या पाहून द्यायची, असं ठरलं. रमण्याच्या दारातली सरसकट वाटणी गेली. ऑक्टोबर १८१९ च्या अहवालात त्याचा पुढचा बेतही दिसतो : बक्षिसांचा ओघ हळूहळू व्यवहाराला उपयोगी विद्यांकडे, धर्मशास्त्राकडे म्हणजे कायद्याकडे, गणिताकडे वळवायचा. 'हळूहळू' हा या माणसाचा लाडका शब्द. जुन्या पद्धतीत होईल तितका कमी बदल करायचा, ही त्याची आणि मद्रासकडच्या मन्रोची एकच शिकवण. न्यायाच्या बाबतीतही त्याला बंगालसारखी कोर्टं नको होती, पंचायत हवी होती. तो विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र आठवडा देईन.

एल्फिन्स्टनला निव्वळ भला माणूस समजू नका. त्याच सुमारास पुण्या-साताऱ्यात गोऱ्यांना मारण्याचा कट उघडकीला आला, तेव्हा त्याने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन घाबरला. पुढे खटला होऊ नये म्हणून माफीचा कायदा करून घ्या, असं त्याने सुचवलं. एल्फिन्स्टनचं उत्तर असं, की मी चुकलो असेन तर मला शिक्षा झाली पाहिजे, आणि बरोबर असेन तर माफी कशाला? उत्तर बाणेदार खरं, पण ज्यांना तोफेला बांधलं त्यांना उत्तर द्यायची संधी कुठे होती? दक्षिणेचे पन्नास हजार वाचताना मला नेहमी ती तोफ आठवते. एकाच हाताची ती दोन कामं.

पुढची मजा बघा. एल्फिन्स्टन नोव्हेंबर १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होऊन गेला, त्याच्या जागी कमिशनर म्हणून चॅप्लिन आला. ६ ऑक्टोबर १८२१ ला दक्षिणेच्याच पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि ती कुठे, तर दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात. (६ ऑक्टोबर हा एल्फिन्स्टनचा जन्मदिवस. मुहूर्त कुणी काढला होता?) पेशव्याच्या वाड्यात, पेशव्याच्या दानातून, साहेबाची पाठशाळा, आणि शिकवायला शास्त्री. आजचं डेक्कन कॉलेज आपला वंश तिथपर्यंत नेतं. पाठशाळा ब्राह्मणांपुरतीच होती, हेही सांगायला हवं. जुन्याला धक्का न लावण्याची किंमत कुणीतरी मोजतच होतं.

आणि ज्यांनी मोजली त्यांच्या बाजूने १८४९ साली आवाज उठला. लोकहितवादी आणि त्यांच्या मंडळींनी अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, आणि जात पाहू नका. पुण्यात केवढा गहजब! अर्ज द्यायला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले महार-मांग मंडळींना घेऊन उभे राहिले, अशी हकिगत फुल्यांच्या चरित्रांत येते. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी झाली, मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. आणखी थोडे पावसाळे गेले, आणि न्यायमूर्ती रानडे मुंबईत 'दक्षिणा फेलो' झाले. डभईच्या रणातून निघालेला पैसा एका विद्यार्थ्याच्या पगारात जाऊन पडला. वाटेत त्याने किती दारं बदलली!

आजोबा, आता आपल्या वर्षासनाकडे. दक्षिणेचं बरं झालं असं म्हणावं लागेल, कारण तिला कागद नव्हता, म्हणून तिला वळवता आलं. ज्यांना कागद होता त्यांचे हाल नंतर झाले. एल्फिन्स्टनने शब्द दिला शहाऐंशी दिवसांत; तो तपासायला त्याच्या वारसांनी चौतीस वर्षांनी माणसं बसवली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन आलं आणि घरोघरी विचारू लागलं, सनद दाखवा. कुणाचा कागद वाळवीने खाल्लेला, कुणाचा भाऊबंदकीत गहाळ. दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांत जो असंतोष पेटला, त्याला १८५७ च्या तोंडावर हे सरपण पुरेसं होतं. रूझवेल्टनेही बँका उघडल्या तेव्हा सगळ्या उघडल्या नव्हत्याच. पण कुठली बुडीत हे त्याच्या माणसांनी दार उघडण्यापूर्वी पाहिलं. इथे दार उघडून एक पिढी आत येऊन बसली, मग ठेवी तपासायला घेतल्या. 'वर्षासनं चालू राहतील' हे वाक्य लिहायला एल्फिन्स्टनला शाई किती लागली असेल? ते खरं करायला लागलेले कागद आजही पुण्यात पेशवे दप्तराच्या कपाटांत आहेत. त्यांची यादी चाळत बसायला मला गेली वीस वर्षं कंटाळा आलेला नाही.

आपण पाठवलेला फोटो मी भिंगाखाली पाहिला. वरची 'श्री' आणि तारखेची ओळ वाचता येते, नाव अर्धं लागतं, पुढे घडी पडून अक्षरं उडाली आहेत. पण फोटोत कागदाचं खालचं टोक आलेलंच नाही. मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का, असलं तर तिथे असेल, आणि मोर्तब नसेल तर ही नुसती नक्कल असू शकते. ते टोक उजेडात धरून, सावली पडू न देता, पुन्हा एकदा फोटो काढून पाठवा. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही. मोर्तब निघालं, तर डुकरांना आणखी एक आठवडा थांबावं लागेल.