मांस काळे असो वा दुर्मीळ, अंगात रक्त कशाने वाढते?

अमेरिकेत ‘नेहमीपेक्षा वेगळे मांस’ म्हणून जी नावे घेतली जातात, त्यांत बायसन, हरीण, इमू, लाव्हरी, ससा यांच्या बरोबरीने बोकडाचे मटणही असते. कळवण परिसरात हे कोणाला सांगितले तर हसू येईल. नवस फेडायचा असो की घरी पाहुणे आलेले असोत, काळ्या मसाल्याचा रस्सा इथे बोकडाचाच होतो. एकाचे नवल ते दुसऱ्याचे नेहमीचे जेवण. आपल्याकडचे नवल म्हणजे कडकनाथ, बटेर आणि काही वर्षांपूर्वीचा इमू. ‘कडकनाथ खा, रक्त वाढेल’, ‘बटेर खा, ताकद येईल’ असे सल्ले गावोगावी ऐकू येतात. थकवा, चक्कर, धाप यांनी बेजार झालेली बाई किंवा तिच्या घरचे लोक या सल्ल्यापायी नेहमीच्या कोंबडीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. म्हणून त्यात तथ्य किती, हे पाहायला हवे.

बायसन म्हणजे आपला गवा का?

बोलताना गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणतात, पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. अमेरिकेतील बायसन एके काळी कोट्यवधींच्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे ते जेमतेम काहीशे उरले. आज तिथे विकले जाणारे मांस कुरणांवर पाळलेल्या बायसनचे असते. आपला गवा मात्र पूर्णपणे वन्य प्राणी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव असून त्याची शिकार करणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. घोरपड आणि मोर यांनाही असेच कडक संरक्षण आहे. रानातला ससा, तितर, लाव्हरी यांची शिकारही गुन्हाच. कायदा बाजूला ठेवला तरी शिकारीच्या मांसाची कोणी तपासणी केलेली नसते. जनावर आजारी होते की काय, हे कळत नाही. छऱ्याने मारलेले असेल तर शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे घातक असते.

रंगावर जाऊ नका

मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे येतो. स्नायूंत प्राणवायू साठवून ठेवणे हे त्याचे काम, आणि त्यात लोह असते. जो स्नायू सतत राबतो तो अधिक लाल. कोंबडी फारशी उडत नाही, म्हणून तिच्या छातीचे मांस पांढरट आणि तंगडीचे गडद. इमू पक्षी असला तरी त्याचे मांस लालभडक असते.

कडकनाथचा काळा रंग मात्र मायोग्लोबिनचा नाही. तो मेलॅनिनचा आहे, म्हणजे आपल्या केसांना आणि त्वचेला काळेपणा देणाऱ्या द्रव्याचा. एका जनुकीय बदलामुळे या कोंबडीची कातडी, हाडे, आतले अवयवही काळे होतात. मेलॅनिन म्हणजे लोह नव्हे. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाने मूळ प्रदेशाची आणि वैशिष्ट्याची ओळख पटते. ते औषध असल्याचा दाखला नव्हे. कडकनाथ चवीला चांगला आणि चरबीला कमी, म्हणून आवडीने जरूर खावा. रक्त वाढवायचे म्हणून कर्ज काढून खाऊ नये.

आकडे काय सांगतात?

अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या मांसात बायसनमध्ये सुमारे 20 ग्रॅम प्रथिने आणि 2.8 मिलिग्रॅम लोह असते. बोकडाच्या मटणात? जवळजवळ तेवढेच, आणि चरबी बायसनपेक्षा कमी. लाव्हरीच्या कातडी काढलेल्या मांसात लोह साडेचार मिलिग्रॅम, इमूत पाच. कोंबडीच्या छातीच्या मांसात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, पण त्याच कोंबडीच्या काळजात तब्बल नऊ! म्हणजे या यादीत लोहाला सर्वांत वरचढ ठरते ते दुकानात स्वस्तात मिळणारे काळीज. त्यात ‘अ’ जीवनसत्त्वही भरपूर असते. ते अती झाले तर गर्भाला धोका होऊ शकतो, म्हणून गरोदर महिलांनी काळीज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते. 100 ग्रॅम मटणातून त्याचा जेमतेम दहावा भाग मिळतो. तरीही मटणाचे महत्त्व आहे, कारण मांसातले लोह शरीर सहज शोषून घेते. शिवाय मांसासोबत खाल्लेल्या धान्य-भाजीतले लोहही अधिक शोषले जाते. आपल्या भागातील नागलीत लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतात, पण त्यातील फायटेट हे लोहाला अडवून धरते. नागलीच्या भाकरीबरोबर मटणाचे दोन तुकडे आणि वर पिळलेले लिंबू असेल तर हा अडसर बराच कमी होतो. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र उलटे काम करतो. तो तास-दीड तासाने घ्यावा. मांस न खाणाऱ्यांनी डाळ, मोड आलेली कडधान्ये आणि पालेभाज्या लिंबासोबत खाव्यात.

रानातले, ओढ्यातले, खुराड्यातले

पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांतले खेकडे हा आपल्या भागातला आवडीचा खुराक. ते अर्धवट भाजून खाल्ले तर ‘पॅरागोनिमस’ नावाचा परजीवी फुप्फुसात शिरू शकतो. त्याने खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते आणि हा क्षयरोगच असे वाटते. मणिपूरसारख्या राज्यांत असे रुग्ण वर्षानुवर्षे आढळले आहेत. खेकडे पूर्ण शिजले की धोका टळतो. कच्चे खेकडे वाटून काढलेला रस पिणे टाळावे. कच्चे खेकडे ज्या पाट्यावर वाटले तो, आणि ज्या विळीने चिरले ती, नीट धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घेऊ नये.

बटेर म्हणून विकली जाणारी पाळीव जपानी लाव्हरी रानातल्या लाव्हरीहून वेगळी आहे. 1974 मध्ये ती भारतात आणली गेली. पाच-सहा आठवड्यांत ती विक्रीला तयार होते. पक्षी कोणताही असो, अचानक मेलेला पक्षी कापू नये. भारतात बर्ड फ्लूची पहिली मोठी साथ 2006 मध्ये शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात आली होती. नीट शिजलेल्या मांसातून तो विषाणू पसरत नाही. खरी जोखीम आजारी पक्षी हाताळताना आणि सोलताना असते. मांस हाडाजवळही लालसर दिसत असेल तर ते आणखी शिजवावे. कमी चरबीचे मांस मोठ्या आचेवर चामट होते. ते मंद आचेवर, झाकण ठेवून, रश्श्यात शिजवलेले बरे.

आधी रक्त तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 69 टक्के होते. पण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. जंत, हिवताप, ‘बी-12’ची कमतरता ही कारणेही असतात. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. अशा रुग्णाला कितीही कडकनाथ खाऊ घातला तरी मूळ आजार तसाच राहतो आणि उपचाराला उशीर होतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झाले असून सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची तपासणी होते.

तेव्हा थकवा, धाप, पांढुरके डोळे-नखे, सतत सांधेदुखी अशी लक्षणे असतील तर पहिली खेप प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे करावी. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात. अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मिळणारे गरम जेवण आणि अंडी चुकवू नयेत. कोंबडीचे साधे अंडे प्रथिनांच्या बाबतीत कोणत्याही महागड्या मांसाच्या पंक्तीला बसते. हे सगळे झाल्यावर कधीतरी वेगळी चव म्हणून बटेर किंवा कडकनाथ आणायला हरकत नाही. फक्त ते पाळलेले आहे ना, ताजे आहे ना, एवढे विकणाऱ्याला जरूर विचारा.