नऊ कोंबड्यांचा पिंजरा

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडवर पिल्लांच्या चोचींची टोकं लहानपणीच तापत्या पात्यानं छाटतात. कारण पोल्ट्रीवाल्यांना पाठ असतं. दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, रक्त दिसलं की तिथंच टोचत राहतात आणि एखादी जिवानिशी जाते. दोष दाटीला दिला जातो, आणि तो आहेच. पण टोचायची खोड वाणातूनही येते, आणि वाण माणूस निवडतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी १९८०च्या दशकात नेमकी ही निवडच बदलून पाहिली. जी कोंबडी जास्त अंडी घालते तिचीच पिल्लं पुढं न्यायची, ही पैदाशीची रूढ रीत. शेजारणींना हुसकावून खाद्य मटकावणारी कोंबडीही या मापानं अव्वल ठरू शकते. म्यूर यांनी पांढऱ्या लेगहॉर्न या अंड्यांच्या वाणातल्या एकाच कोंबड्याच्या लेकी एका पिंजऱ्यात एकत्र ठेवल्या. चोची शाबूत राखल्या. हिशेब मांडला तो अख्ख्या पिंजऱ्याचा: सगळ्यांची मिळून अंडी किती, जगल्या किती. निवड झाली तरी सगळ्यांची, बाद झाल्या तरी सगळ्याच.

दुसऱ्या पिढीत वर्षाची मरतूक ६८ टक्के होती. चौथ्या पिढीत ती ८.८ टक्क्यांवर आली. शेडमध्ये सोडलेल्या प्रत्येक कोंबडीमागे वर्षाला ९१ अंडी मिळत होती, ती २३७ झाली. म्यूर व्याख्यानात दोन पिंजऱ्यांची चित्रं दाखवत. एकटीच्या अंड्यांवर निवडलेल्या वाणाच्या पिंजऱ्यात नवांपैकी तीनच उरलेल्या, त्याही पिसं झडून उघड्या पडलेल्या. दुसऱ्यात नऊच्या नऊ, अंगभर पिसांसह. हे कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. पिढ्या निवडताना मोजमाप बदललं, एवढंच.

स्वीडनमधल्या लिन्शोपिंग विद्यापीठात पेर येन्सन यांच्या गटानं याहून मागं जाऊन रानकोंबड्याच घेतल्या आणि त्यांतल्या माणसाला कमी भिणाऱ्या तेवढ्या पिढ्यानपिढ्या निवडल्या. भीती कमी झालीच, शिवाय पक्षी वजनदार झाले आणि अंडी मोठी झाली. पुढच्या पिढ्यांत शरीराच्या मानानं मेंदूही लहान भरला.

स्वभाव मात्र एका फटक्यात ‘गरीब’ किंवा ‘तापट’ ठरत नाही. झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या राखलेला आपला असील कोंबडा दुसऱ्या कोंबड्यावर तुटून पडतो, पण हाताळलेला असेल तर मालकाच्या हाती निवांत राहतो. असील कोंबडी तर मन लावून खुडूक बसते आणि पिल्लांना जिवापाड जपते. लेगहॉर्नचा हा गुण निवडीतच गेला. खुडूक बसलेली कोंबडी अंडी थांबवते, म्हणून पैदासकारांनी तशा माद्या वगळल्या. उबवायला यंत्र होतंच. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईचं गणित वेगळं. तिच्याकडं यंत्र नसतं. म्हणून भरपूर अंड्यांसाठी सुधारित वाण घेतलं, तरी ती अंडी उबवायला तिला एखादी गावठी कोंबडी ठेवावीच लागते.