घोड्यांची रस्त्यावरील सुरक्षित वाहतूक : शरीरशास्त्र, गतिशास्त्र आणि कायदा

बीजसंज्ञा : अश्व, पशुवाहतूक, तोल, श्वसन, प्राणी वाहतूक नियम १९७८

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या निमित्ताने भरणारा घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब इत्यादी राज्यांतून मारवाडी, काठेवाडी व अन्य जातींचे घोडे येथे विक्रीस येतात. या बाजारातील उलाढालीविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु घोडा ज्या वाहनातून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येतो, त्या प्रवासाचा विचार अभावानेच होतो. घोड्याचा मोडलेला पाय क्वचितच पूर्ववत जुळतो. त्यामुळे प्रवासातील एक चूक जनावराचा जीव आणि पशुपालकाची पुंजी दोन्ही घेऊ शकते. घोडा घट्ट बांधला म्हणजे तो सुरक्षित झाला, ही सर्वसाधारण समजूत कितपत योग्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. तोलाचा प्रश्न

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर असतो. मोठ्या अंगाच्या घोड्याचे वजन ५०० किलो धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ५ सेकंदांत थांबविल्यास त्या घोड्याला सुमारे १७० किलो वजनाइतका धक्का सावरावा लागतो. हेच वाहन ताशी ३५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्याच वेळात थांबताना हा धक्का सुमारे १०० किलोवर येतो. वळणावर तर वेग दुप्पट झाल्यास बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. घोडा हा धक्का पाय फाकवून आणि मान खाली-वर करून सावरतो. पाय फाकविण्यास जागा नसेल अथवा मान आखूड दोरीने वर जखडलेली असेल, तर तोल सावरण्याची ही दोन्ही साधने हिरावली जातात.

२. श्वसनाचा प्रश्न

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. तो केवळ नाकानेच घेतो. श्वासनलिकेत साचणारा स्राव व धूळ बाहेर पडण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते. मान सतत वर बांधून ठेवल्यास ६ ते १२ तासांत श्वसनमार्गात जीवाणूंची संख्या वाढू लागते आणि त्यातून फुप्फुसे व त्यांच्या आवरणाचा दाह संभवतो. म्हणून दोरी मान छातीच्या पातळीपर्यंत खाली येईल इतकी लांब, परंतु पाय अडकणार नाही इतकी आखूड असावी. दर चार-पाच तासांनी वाहन थांबवून पाणी द्यावे, मान मोकळी करू द्यावी आणि चारा ओलसर करून द्यावा.

३. कायद्यातील तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वये प्राणी वाहतूक नियम, १९७८ तयार करण्यात आले. त्यांनुसार प्रवासापूर्वी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. वाहनाचा तळ न घसरणारा असावा, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचे बांबू व मागे दोन भक्कम आडवे दांडे असावेत, घोड्यांची तोंडे डावीकडे असावीत, एका वाहनात चार ते सहांपेक्षा अधिक घोडे नसावेत, सोबत एक परिचारक असावा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे हे नियम सांगतात.

या तरतुदींमागील कारणे वरील विवेचनावरून स्पष्ट होतात. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तोंड डावीकडे असल्यास समोरून येणाऱ्या वाहनांमुळे घोडा बुजत नाही. मात्र घोडा असा आडवा उभा असताना ब्रेकचा धक्का कुशीवर बसतो आणि त्या दिशेने त्याच्या पायांचा आधार अरुंद असतो. मधला बांबू नेमका येथेच उपयोगी पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली झालेल्या सुधारणेने प्रत्येक घोड्यासाठी किमान २.२५ चौरस मीटरचा स्वतंत्र कप्पा ठरविला आहे. त्यानुसार सहा घोड्यांसाठी किमान १३.५ चौरस मीटर तळ लागतो. लहान ट्रकमध्ये तो उपलब्ध होत नाही.

४. चढविणे व उतरविणे

घोड्याच्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावण्यास वेळ लागतो. म्हणून वाहनाच्या आत उजेड असावा आणि उतरता फळा रुंद व न डगमगणारा असावा. येथे क्रमाला विशेष महत्त्व आहे. चढविताना आधी मागचा दांडा लावावा, मग मोहरकीची दोरी बांधावी; उतरविताना आधी दोरी सोडावी, मगच दांडा काढावा. डोके बांधलेले असताना मागची बाजू मोकळी झाली, तर घोडा मागे रेटतो, दोरीचा ताण जाणवताच बिथरतो आणि पडतो. दोरीची गाठ ओढताच सुटणारी असावी. मोतद्दाराने घोड्याच्या थेट मागे उभे राहू नये.

समारोप

घोड्याची सुरक्षितता त्याला जखडण्यात नसून स्वतःचा तोल सावरू देण्यात आहे. त्यासाठी पुरेशी जागा, घट्ट पकड देणारा तळ, मान खाली नेता येईल अशी दोरी आणि ब्रेक हळुवार दाबणारा चालक आवश्यक आहे. चारपदरी महामार्गावर ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा चालकाला जाचक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मागे उभ्या असलेल्या जनावराला ना पट्टा असतो, ना पुढचे वळण दिसते. पशुपालक, वाहनचालक आणि मोतद्दार यांना नियमांसोबत त्यांमागील कारणेही समजावून दिल्यास त्यांची अंमलबजावणी अधिक सुकर होईल.