ताप नाही, मग सेप्सिस कसा?

"ताप अजिबात नाही डॉक्टर, कालपासून नुसतं असंबद्ध बोलतायत. वयामुळे असेल." सत्तरीच्या मधुमेही वडिलांना रात्री कॅज्युअल्टीत घेऊन आलेला मुलगा असं सांगतो, तेव्हा अनुभवी सिस्टर घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. 28 भरतात. वरचं बीपी 96. लघवी सकाळपासून झालेलीच नाही. एकही रिपोर्ट हातात नसला, तरी सेप्सिसच्या संशयाने कामाला लागायला एवढं पुरे.

गैरसमज : सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू पसरणं.
वस्तुस्थिती : 2016 पासून रूढ असलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि त्यातून स्वतःच्याच अवयवांचं काम बिघडून जीव धोक्यात येतो, तो सेप्सिस. मूळ न्यूमोनियात असेल, मूत्रमार्गात असेल किंवा पायाच्या चिघळलेल्या जखमेत. अनेक रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडतच नाहीत. म्हणून 'कल्चर निगेटिव्ह' आलं की सुटलो, असं होत नाही.

गैरसमज : ताप असायलाच हवा.
वस्तुस्थिती : म्हातारी माणसं आणि स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांना ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. नवजात बाळाचंही तसंच : दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, गार लागतं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी बाळांचा जंतुदोष असाच लक्षणांवरून ओळखला आणि घरीच उपचार केले. घरोघरच्या या नवजात-सेवेमुळे तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं.

गैरसमज : बीपी ठीक आहे, म्हणजे काळजी नाही.
वस्तुस्थिती : बीपी बऱ्याचदा उशिरा पडतं. तोवर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोरात पळवून शरीर वेळ निभावून नेत असतं. श्वास 22 किंवा त्याहून जास्त, भ्रमिष्टपणा, कमी झालेली लघवी, रक्तातलं लॅक्टेट 2 च्या वर, या खुणा आधी बोलतात. एक तपासणी तर बिनखर्चाची : बोटाचं टोक 10 सेकंद दाबून सोडायचं. रंग परतायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर टोकापर्यंत रक्त नीट पोचत नाही.

गैरसमज : जितकं सलाईन, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : लॅक्टेट वाढलेलं किंवा बीपी पडलेलं असेल, तर पहिल्या तीन तासांत किलोमागे साधारण 30 मिली द्रव सुचवला जातो, 60 किलोच्या माणसाला 1800 मिली. पण तो टप्प्याटप्प्याने, दर टप्प्याला छाती, नाडी, लघवी बघत. जास्तीचं पाणी फुफ्फुसात उतरतं. 2011 मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या गंभीर तापाच्या मुलांवर झालेल्या 'फीस्ट' चाचणीत तर भराभर द्रव दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू जास्त झाले. सरासरी रक्तदाब 65 पर्यंत येत नसेल, तर बाटल्या चढवत बसण्यापेक्षा रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनालिन सुरू करायचं. सेंट्रल लाइनसाठी, म्हणजे मोठ्या शिरेतल्या नळीसाठी, थांबायची गरज नाही; सुरुवातीला हाताच्या चांगल्या शिरेतूनही ते देता येतं, फक्त त्या जागेवर लक्ष हवं.

गैरसमज : भारी अँटिबायोटिक दिलं की काम झालं.
वस्तुस्थिती : शॉक, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त अपुरं पडणं, असेल तर अँटिबायोटिक तासाभरात गेलंच पाहिजे. कल्चरचं रक्त आधी घ्यावं, पण त्यापायी डोस अडवू नये. शॉक नसेल आणि निदानाची खात्री नसेल, तर झटपट तपासण्या करून तीन तासांत निर्णय घ्यायला मुभा आहे. मात्र पोटात पू साचलेला असेल किंवा खड्याने मूत्रमार्ग अडला असेल, तर तो पू काढल्याशिवाय, ती वाट मोकळी केल्याशिवाय कितीही भारी औषध अपुरंच पडतं.

सुरुवातीच्या त्या मुलाने ताप नसल्याचं सांगितलं, ते खरंच होतं. फक्त 'वयामुळे असेल' म्हणत त्याने कामाची माहिती बाजूला सारली. कॅज्युअल्टीत जाताना थर्मामीटरच्या आकड्यासोबत आणखी दोन उत्तरं तयार ठेवावीत : शेवटची लघवी कधी झाली, आणि माणूस शेवटचं नीट कधी बोलला.