कोंबडा का लंगडतो?

खेडेगावात पहाटे लवकर उठून तुम्ही कधी परसात उभे राहिला आहात का? फणसाच्या फांदीवर रात्र काढलेली गावरान कोंबडी आठ-दहा फुटांवरून पंख फडफडवीत खाली येते आणि लगेच उकिरडा उकरू लागते. तिला काही होत नाही. त्याच परसातला गिरिराज किंवा वनराजा जातीचा तीन-चार किलोंचा कोंबडा मात्र खुराड्यातल्या चार फूट उंच दांडीवरून उतरतो तो धप्पकन. रोज असे उतरता उतरता एके दिवशी तो एक पाय वर धरून उभा राहिलेला दिसतो. आजी म्हणते, ‘‘मुरगळला असेल, उद्या चालेल.’’ पण दुसऱ्या दिवशीही तो चालत नाही.

असे का व्हावे? उत्तराचा मोठा भाग गणितात आहे, आणि ते गणित गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडून ठेवले आहे. समजा, एखाद्या कोंबडीची लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे दुप्पट केली. तिचे घनफळ, आणि म्हणून वजन, २×२×२ म्हणजे आठपट होईल. हाडाची ताकद मात्र त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि ते होईल २×२ म्हणजे चौपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पूर्वीच्या दुप्पट भार आला! पंखांचे क्षेत्रफळही चौपटच वाढणार. त्यामुळे उतरताना वेग आवरण्याचे कामही त्यांना नीट जमत नाही. जड पक्षी जास्त वेगाने आदळतो आणि आदळणारे वजनही जास्त असते.

आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा जेमतेम किलोभराचा. उलट ‘ब्रह्मा’ या अवाढव्य जातीचा नर पाच किलोंच्या घरात जातो. (हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडले खरे, पण या जातीचे पूर्वज शांघाय बंदरातून अमेरिकेत गेले होते. १८५२ साली व्हिक्टोरिया राणीला नऊ ब्रह्मा कोंबड्या भेट मिळाल्या आणि इंग्लंडमध्ये त्यांचे वेडच पसरले.) माणसाने वजन वाढवले, पायांचा आराखडा रानकोंबड्याचाच राहिला.

तो आराखडा एकदा नीट पाहा. कोंबडीचा उलटा वाकणारा ‘गुडघा’ हा खरे तर तिचा घोटा! खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. याचा अर्थ, कोंबडी जन्मभर चवड्यांवर चालते आणि सारा भार बोटांवर व त्यांच्या मधल्या मऊ गादीवर पडतो. ही गादी दगडी फरशीवर आपटून, ओल्या घाणीत भिजून किंवा खडबडीत दांडीने सोलली की स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जिवाणू आत शिरतात. तळवा सुजतो, गरम लागतो, मधोमध काळी खपली धरते. दुर्लक्ष केले तर पू हाडापर्यंत व सांध्यापर्यंत पोचतो. ही खपली घरी ब्लेडने कोरण्याचा उद्योग मुळीच करू नका. ते पशुवैद्याचे काम आहे.

प्रत्येक लंगडेपणा उडी मारल्यानेच येतो असे मात्र नाही. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी पडले तर वाढत्या पिलांना मुडदूस होतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. खाद्यातून ते मिळाले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. अशा कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा. तरुण पक्षी एक पाय पुढे व एक मागे ताणून पडला असेल, तर मात्र विषाणूमुळे होणाऱ्या मरेक्स रोगाची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही. पिलू अंड्यातून बाहेर आल्याबरोबर लस टोचणे एवढाच उपाय.

कोंबडीला दुखते का, असे कोणी विचारील. २००० साली ब्रिटनमधील संशोधकांनी मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले. एकात वेदनाशामक औषध मिसळले होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य निरोग्यांपेक्षा अधिक खाल्ले. आणि ज्या जास्त लंगडत होत्या, त्यांनी ते आणखी जास्त खाल्ले! न ओरडता, मुकाट्याने बसून राहणाऱ्या पक्ष्याची वेदना अशी ताटावरून कळली.

मग आपण काय करावे? तुमच्याकडे जड जातीच्या कोंबड्या असतील तर दांडी फूट-दीड फुटापेक्षा उंच नको. ती दोन इंच रुंद, वरून चपटी आणि कडा घासून गोल केलेली असावी. खाली भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा जाड, कोरडा थर हवा. पावसाळ्यात तो वरचेवर बदलावा लागतो. खुराडे उंचावर असेल तर आडव्या पट्ट्या ठोकलेली एक फळी उतरती लावून द्या. बाजारात कोंबड्या एका पायाला धरून उलट्या लटकावतात तसे जड कोंबड्याला कधीही धरू नका. दोन्ही हात पोटाखाली घालून उचला. आणि उचललाच आहे तर दोन्ही तळवे उलटून पाहा. खपली लहान असतानाच दिसली तर पाय वाचतो.