डब्यातलं ऑपरेशन: समज आणि गैरसमज

‘दुर्बिणीतून करतात म्हणजे सगळं मशीनच करतं’ हा गैरसमज नातेवाइकांचा. ‘सरावाला लाखो रुपयांचा सिम्युलेटरच हवा’ हा डॉक्टरांचा, आणि तो जास्त महागात पडतो.

मशीन काहीच करत नाही. लांब अवजार पोटावरच्या छिद्राशी टेकून फिरतं, त्यामुळे सर्जनची मूठ डावीकडे गेली की टोक उजवीकडे जातं. नजर पडद्यावर, आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. ही उलटी चाल हातात बसायला सराव लागतो. तो थेट रुग्णाच्या पोटात का करायचा?

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, तेव्हा ते नवल होतं. आज हे ऑपरेशन लहान शहरांतही होतं. सरावाची सोय मात्र सगळीकडे नाही. पण झाकणाचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला दोन भोकं, आत एलईडीची पट्टी, वर मोबाइलचा कॅमेरा आणि थिएटरमधून बाद झालेली अवजारं एवढ्यावर भागतं.

‘हे तर खेळणं!’ असं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत जनरल सर्जनना बोर्डाच्या परीक्षेसाठी लागणाऱ्या ‘एफएलएस’ चाचणीतला हाताच्या कौशल्याचा भागसुद्धा डब्यावरच होतो. त्यात पाच कामं असतात. मला त्यातलं गॉझ कापण्याचं आवडतं. ताणून लावलेल्या गॉझवर वर्तुळ आखलेलं असतं. रेषा न सोडता ते कापायचं. कात्री एका हातात, पण खरी परीक्षा दुसऱ्याची. त्याने गॉझ योग्य दिशेला ओढून धरला नाही, तर तो सैल पडतो आणि कात्री भरकटते. घरी हेच करायला एक गॉझ आणि स्केचपेन पुरे. टाके घालायला जुना रबरी हातमोजा चालतो.

नुसते तास भरून हात तयार होतो, हेही खरं नाही. चुकीची गाठ शंभरदा मारली तर चुकीचीच पक्की होते. घड्याळ लावावं, चुका मोजाव्यात, रेकॉर्डिंग सीनियरना दाखवावं. रोज थोडा वेळ केलेला सराव रविवारी एकदम उरकलेल्यापेक्षा बरा.

सगळ्यात घातक समज म्हणजे, डब्यावर जमलं की ऑपरेशन जमलं. डब्यात रक्त येत नाही, सूज नसते, काही चिकटलेलं नसतं. पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होते, ती बहुतेकदा हात चुकल्यामुळे नव्हे, तर नजर फसल्यामुळे: मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली जाते. ही ओळख डबा देत नाही. त्यासाठी अनुभवी सर्जनच्या शेजारी कॅमेरा धरून उभंच राहावं लागतं.